वहीत नसलेला प्रश्न

रोहिणीनं भिगवण रस्त्याला पहिल्या मजल्यावर एक खोली घेतली आणि दारावर 'प्रोफेशनल कोच' अशी पाटी लावली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात चौघीजणी विचारायला आल्या, की मॅडम, आठवीचं गणित घेता का? पाचवा आला तो निवृत्त फौजदार. त्यानं कबड्डीचं विचारलं. बारामतीत कोचिंग म्हटलं की एक तर क्लास, नाही तर मैदान. तिसरंही काही असतं हे लोकांच्या गळी उतरवता उतरवता बाईची दोन वर्षं गेली.

तिसरं म्हणजे काय, तर माणसाला समोर बसवायचं आणि सल्ला द्यायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा! आपल्याकडं रस्त्यात कुणी पत्ता विचारला तरी 'तिकडं कशाला जाताय' म्हणून आपण त्याला भलतीच वाट दाखवतो. रोहिणीचं काम असं, की समोरच्यानं आपली अडचण मांडायची, तिनं नुसते प्रश्न विचारायचे आणि त्याचं उत्तर त्याला सापडेपर्यंत तोंड मिटून बसायचं. हळूहळू माणसं येऊ लागली. द्राक्षं परदेशी पाठवणारे दोन भाऊ आले, एका कॉलेजच्या प्राचार्या आल्या, मग कंपन्या आणि डेअऱ्या आपल्या लोकांना पाठवू लागल्या. नाव झालं.

या कामाचा एक नियम मात्र बाहेरच्यांना ठाऊक नसतो. कोचलाही कुणापुढं तरी जाऊन बसावं लागतं. महिन्यातून एकदा आपली वही घेऊन जायचं, कुणाशी काय बोललो ते वाचून दाखवायचं आणि आपलं कुठं चुकतंय ते बघायचं. त्याला सुपरव्हिजन म्हणतात. रोहिणीच्या सासूबाई चांगले चार महिने समजत होत्या, की सून दर महिन्याला कुठल्या तरी परीक्षेवर पहारा द्यायला जाते.

रोहिणी जायची शेळगावला, महिपतीआबांकडं. आबांनी पुण्यात एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात तीस वर्षं काढली होती. पुढं हे काम शिकले, शिकवलं, आणि सत्तरी आली तसे गावी येऊन पेरूची बाग धरून बसले. भले भले कोच त्यांच्या पत्र्याच्या शेडात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून घाम पुसत गेलेत. आबांची रीत ठरलेली. येणाऱ्यानं वही मोठ्यानं वाचायची. आपण काय विचारलं, समोरचा काय म्हणाला, शब्दाला शब्द, त्याच दिवशी लिहिलेलं. माणसाचं नाव वहीत घालायचं नाही आणि आबांना सांगायचंही नाही. वाचून होईस्तोवर आबा तोडलेल्या पेरूंना फोमच्या जाळ्या चढवत बसायचे. मान वर करायचे नाहीत. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचं लक्ष नाही. तो गैरसमज पहिल्या पानाला फिटायचा.

जानेवारीतल्या त्या रविवारी रोहिणी शेळगावला आली ती खुशीतच. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडली तरी ती चिडली नव्हती. या महिन्यात दाखवण्यासारखं काम झालंय असं तिला वाटत होतं. एक बाई होती, बारा वर्षं एकाच जागी अडकलेली, आणि चार बैठकांत ती बाई मोकळी झाली होती.

ती बाई म्हणजे रेश्मा. आबांना नाव कळायचं नव्हतं, आपल्याला कळलं तर बिघडत नाही. रेश्मा वडगाव निंबाळकरला एका डेअरीच्या दूध संकलन केंद्राची प्रमुख. तिच्याकडं दोनशे बाया दूध घालायच्या. कुणाची गाय आटली, कुणाची म्हैस गाभण, कुणाच्या घरात नवरा आजारी म्हणून धार काढायला उशीर होतो, सगळं तिला पाठ. डेअरीत वरची जागा निघणार होती, सगळ्या भागातल्या केंद्रांची प्रमुख म्हणून. त्यासाठी तिला तयार करा असं सांगून डेअरीच्या व्यवस्थापकांनी, रणजितसाहेबांनीच, तिला रोहिणीकडं पाठवलं. आणि दोन बैठका होतात न होतात तोच ती जागा दुसऱ्या एका माणसाला दिली. तिसऱ्या बैठकीला रेश्मा आली आणि तासभर नुसती बसून राहिली. चौथ्या बैठकीत रडली, आणि नोकरी सोडते म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा देऊनही टाकला.

रोहिणीनं चारही बैठका वाचून दाखवल्या. शेवटचं पान वाचताना तिचा आवाज जरा भरून आला. वही मिटून तिनं आबांकडं पाहिलं.

आबांनी हातातला पेरू खोक्यात ठेवला. "शेवटचं पान पुन्यांदा वाच."

रोहिणीनं वाचलं. "ती बराच वेळ रडली. मी थांबले. 'सोडूनच देते नोकरी. आता नाही राहायचं मला तिथं.' असं म्हणून तिनं डोळे पुसले. चेहरा शांत दिसला."

"दर पानावर तुझा प्रश्न हाय, आन् त्याच्याखाली तिचं उत्तर," आबा म्हणाले. "हितं उत्तर हाय. प्रश्न कुठाय?"

"नसेल विचारला. ती रडत होती, आबा. मी थांबले होते."

"थांबलीस, व्हय. आन् मग?"

"आठवत नाही."

हे खोटं होतं. तिला चांगलं आठवत होतं. लिहिताना पेन त्या जागी अडलं होतं, हेसुद्धा आठवत होतं. आबांनी दुसरा पेरू घेतला, जाळी चढवली. तिसरा घेतला. ते काही बोलले असते तर रोहिणीला वाद घालता आला असता. ते बोलेनात, तेव्हा तिनं वही पुन्हा उघडली.

"मी म्हटलं, अजून किती वर्षं वाट बघणार आहेस तू?"

"कसं म्हनलीस? आवाज काढून दाखव."

"आबा..."

"दाखव की. हितं कोन हाय ऐकायला?"

रोहिणीनं म्हणून दाखवलं. आणि शेडात तो आवाज असा काही चढला, की खोकी भरणारी बाई बागेच्या टोकाला होती, ती वळून बघायला लागली. रोहिणीलाच भीती वाटली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

"ही चीड कुणाची?" आबांनी विचारलं. "त्या बाईची?"

कोच होण्याआधी रोहिणी एका बियाणं कंपनीत चौदा वर्षं होती. तिची हक्काची जागा बाहेरून आणलेल्या एका पोराला दिली गेली, आणि आज ना उद्या आपल्याला न्याय मिळेल म्हणून ही बया आणखी दोन वर्षं त्याच्या हाताखाली कागद रेटत बसली. पुढं नोकरी सोडली, नाव कमावलं. पण ती दोन वर्षं तिच्या घशात अडकूनच राहिली होती. गाडी चालवताना, भाजी चिरताना ती स्वतःलाच विचारायची, किती वाट बघितलीस गं? इतकी कशी मूर्ख तू?

"माझी," ती म्हणाली. "प्रश्न माझा होता. मी स्वतःलाच विचारत होते."

"आन् उत्तर तिनं दिलं." आबा पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघून बोलले. "पहिलं पान काढ. ती पहिल्या दिवशी काय मागत हुती?"

रोहिणीनं पान उलटलं. तिचं तिलाच वाचवेना. "'एकेकीशी मी दिवसभर बोलते. पण सगळ्या बाया एकत्र जमल्या की माझी दातखीळ बसते. वार्षिक मेळाव्यात साहेब बोलतात, मी मागं उभी. मला त्यांच्यासमोर उभं राहून चार शब्द नीट बोलता आले पाहिजेत. बास, एवढंच.'"

"ह्यात नोकरी सोडायचं कुठं हाय?"

नव्हतंच. त्या प्रश्नाआधी चार बैठकांत कुठंच नव्हतं. बाईला दुःख झालं होतं, बाई रडत होती, आणि रडून झाल्यावर ती कदाचित आपल्या बायांकडं परत गेली असती, कदाचित साहेबांशी भांडली असती, कदाचित खरंच सोडूनही गेली असती. पण ते तिचं तिनं ठरवलं असतं. रोहिणीनं ऐन वेळी तिच्या पाठीला हात लावून ढकललं, आणि मग वहीतून तो हात तेवढा गाळला.

"राजीनामा मंजूर झाला?"

"गुरुवारी अकरा वाजता बैठक आहे. तोवर मागं घेता येतो. एकदा मंजूर झाला की नाही."

"आज रविवार हाय," आबा म्हणाले.

"मी काय करू, आबा?"

"ते मी सांगणार न्हाय. मी सांगितलं आन् तू केलंस, तर तू तिला केलंस तेच मी तुला केलं असं हुईल." मग त्यांनी शेडाच्या फळीवरून आपली स्वतःची वही काढली, चष्मा लावला आणि सावकाश लिहायला लागले. लिहून झाल्यावर तिच्यापुढं धरलं. मागच्या आठवड्यात रोहिणीनं फोनवर त्यांना सांगितलं होतं, की एक बाई अन्याय झाल्यावर आता ताठ उभी राहायला लागलीय. आबा 'शाब्बास' म्हणाले होते. कोण ताठ उभं राहतंय हे त्यांनी विचारलं नव्हतं. तेवढं त्यांनी तारीख घालून लिहिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, की इथं माझं चुकलं.

रोहिणी घरी निघाली तेव्हा तिनं ठरवलं होतं, की उद्या सकाळी उठून पहिलं वडगाव गाठायचं.

आता सोमवारी काय झालं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगायला हवं. सोमवारी सकाळी गाडीची किल्ली हातात असतानाच रणजितसाहेबांचा फोन आला. डेअरीच्या बारा केंद्रप्रमुखांना वर्षभर कोचिंग द्यायचं ठरतंय, बुधवारी ऑफिसला या, बोलून घेऊ. रोहिणीनं किल्ली खिळ्याला अडकवली. बुधवारचं होऊ दे, मग रेश्माला भेटू, गुरुवारपर्यंत वेळ आहेच की, असं ती स्वतःला म्हणाली. माणूस दुसऱ्याला फसवताना निदान घाबरतो तरी. स्वतःला फसवताना किती गोड बोलतो! मंगळवारी तिनं तीनदा रेश्माचा नंबर काढला आणि तीनदा फोन बाजूला ठेवला. फोनवर कसं सांगायचं, भेटूनच सांगू, हे पुन्हा तिचं तीच म्हणाली.

बुधवारी ती डेअरीच्या ऑफिसात गेली. ऑफिस वडगावच्या फाट्यावर, रेश्माच्या केंद्रापासून दहा मिनिटांवर. रणजितसाहेबांनी चहा मागवला, बारा जणांची यादी पुढं ठेवली. बोलता बोलता म्हणाले, "मॅडम, रेश्माचं काम तुम्ही छान हाताळलं. आपणहून गेली, बरं झालं. नाही तर नव्या साहेबांच्या हाताखाली ती कायम खटके उडवत राहिली असती, आणि आम्हाला तिला जा म्हणणं अवघड होतं."

रोहिणीच्या हातात कप होता. बैठकीत काय बोलणं झालं ते साहेबांना सांगायचं नाही, हा कामाचा नियमच आहे. त्या नियमामागं ती लपली. पण 'उद्या तिचा राजीनामा घाईनं मंजूर करू नका' एवढं म्हणायला कुठला नियम आड येत होता? तिनं चहा संपवला. यादी पिशवीत घातली. घरी आली.

संध्याकाळी ती वही घेऊन बसली. त्याच दिवशी लिहायचं, ही आबांची रीत, आणि तीन वर्षांत तिनं ती मोडली नव्हती. तिनं साहेबांचं वाक्य लिहिलं. खाली आपलं वाक्य लिहायचं होतं. तिनं लिहिलं, 'मी गप्प बसले.' ते तीन शब्द बघून तिला स्वतःची शिसारी आली. बियाणं कंपनीतल्या ज्या जुन्या रोहिणीला दोन वर्षं वाट बघितली म्हणून आपण आपल्या मनात दोष देतो, ती निदान कुणाचं वाईट तरी करत नव्हती.

तरीही गुरुवारी सकाळी अकराला एक प्राचार्या यायच्या होत्या, एक वाजता आणखी कुणी. डेअरीच्या बैठका कधी वेळेवर सुरू होतात का, असं म्हणून रोहिणीनं दोन्ही बैठका उरकल्या आणि मग नीरा रस्त्याला लागली. वडगावला केंद्रावर पोचली तेव्हा साडेतीन वाजले होते.

केंद्र धुऊन काढलेलं होतं. कॅन पालथे घातलेले. माप घेणारे म्हस्कूतात्या भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. आत टेबलाशी रेश्मा बसली होती आणि एका लांब कागदावर काहीतरी उतरवत होती. रोहिणीला बघून ती उठली, हसली.

"ताई! या की. बसा. नवीन मानसासाठी यादी करत्येय. कुणाची गाय कधी आटती, कोन सकाळचंच घालती, कुणाला बोलताना जपायला पायजे. न्हायतर त्याला काय कळणार?"

"मंजूर झाला का गं?"

"झाला. अकराला बैठक, साडेअकराला फोन आला. एक तारखेपास्नं मी मोकळी." रविवारी शेळगावला जाताना रोहिणीच्या मनात तिच्याबद्दल हाच शब्द होता. तो म्हणताना तिची मान खाली गेली.

रोहिणी बसली. कसं सांगावं याची तिनं रस्ताभर तयारी केली होती, ती सगळी हवेत उडाली. "रेश्मा, त्या दिवशी मी तुला एक प्रश्न विचारला. अजून किती वर्षं वाट बघणार आहेस, म्हणून. तो प्रश्न तुझा नव्हता, माझा होता. माझ्या नोकरीत माझं असंच झालं होतं, त्याचा राग माझ्या पोटात होता. तो मी तुझ्यावर काढला. मी तुला ढकललं. त्याआधी नोकरी सोडायचं तू कधी म्हणालीच नव्हतीस."

रेश्मानं पेनाला टोपण लावलं.

"मला वाटलं, मी ठरवलं," ती म्हणाली. "आयुष्यात पयल्यांदा काय तरी माझं मी ठरवलं, असं वाटलं हुतं. घरी सगळ्यांना छाती फुगवून सांगितलं." मग तिनं मान वर केली. "तुमाला कधी कळलं हे?"

या प्रश्नाला रोहिणीची तयारी नव्हती. खोटं बोलणं सोपं होतं. आज सकाळी, म्हणाली असती तर कुणाला कळणार होतं? "रविवारी," ती म्हणाली.

भिंतीवर डेअरीचं कॅलेंडर होतं. रेश्मानं त्याच्याकडं बघितलं. "सोमवारी मी दिवसभर हितंच हुते. मंगळवारी बी. आन् काल तर तुमी ऑफिसला आलावता ना? फाट्यावर गाडी बघितली मी तुमची. वाटलं, ताई माझ्यासाठीच आल्यात."

रोहिणीला वर बघवेना. "त्यांनी मला मोठं काम देऊ केलं होतं," ती म्हणाली. "त्यासाठी थांबले मी. तू इथं असताना तुला न भेटता परत गेले." डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. "मी आत्ता जाते त्यांच्याकडं. सांगते, चूक माझी आहे, तिची नाही. तिला परत घ्या म्हणते. पाया पडावं लागलं तरी..."

"थांबा!" रेश्मा ओरडलीच. म्हस्कूतात्यांनी दारातून डोकावून बघितलं. "म्हंजी परत माझ्या वतीनं तुमीच ठरवणार? आन् परत तुमीच बोलणार?"

रोहिणी उठली होती, ती पुन्हा खाली बसली.

"माझं मी बोलते," रेश्मा म्हणाली. तिनं स्कूटीची किल्ली उचलली. "तुमी हितं बसायचं. पाचला बाया याय लागत्याल. कुठं गेली म्हनल्या, तर सांगा, येती म्हणून. दुसरं काय एक सांगू नका."

ती गेली. रोहिणी बसून राहिली. पुढ्यात ती लांब यादी होती. 'शकुबाई: जोरात बोलते पण मन हळवं. फॅट कमी लागली तर सगळ्यांसमोर सांगू नये.' बारा वर्षांचं असं चार कागद भरून लिहिलेलं होतं, आणि खाली अजून बरंच लिहायचं राहिलं होतं.

पाचला बाया यायला लागल्या. किटल्या खाली ठेवल्या, म्हस्कूतात्यांनी माप सुरू केलं. रोजच्याला दूध घालून बाया लगेच पाठ फिरवतात, घरी चूल वाट बघत असते. आज एकही जाईना. राजीनाम्याची बातमी गावात फिरलेली होती. अंगणात साठ-सत्तर बाया थांबल्या. त्यातली एक थोराड म्हातारी थेट रोहिणीपुढं येऊन उभी राहिली आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तुमीच का नव्या मॅडम?"

"नाही, शकुबाई."

"मला कसं वळखता?"

रोहिणीनं यादीवर हात ठेवला. 

सव्वापाचला रेश्माची स्कूटी आली. ती उतरली, आणि अंगणातली गर्दी बघून तिथंच थबकली.  रोहिणीची सगळी सवय तिला सांगत होती, की पुढं हो, काहीतरी विचार, तिला धीर दे. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि बसून राहिली.

रेश्मा कॅन ठेवायच्या ओट्यावर चढली. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. खाली कुणीतरी लेकराला गप्प केलं.

"बायांनो," ती म्हणाली. आवाज चिरकला. तिनं पुन्हा सुरुवात केली. "बायांनो, मी एक तारखेपासनं हितं नसणार. मी नोकरी सोडली. मला सोडायची नव्हती. दुसऱ्याच्या बोलन्यात आले, पन सही मी केली, ती माझी चूक. आत्ता साहेबांकडं जाऊन आले. परत घ्या म्हनलं, ते न्हाय म्हनले. मग मी इचारलं, बारा वर्षं केंद्र चालवलं, वरची जागा मला का न्हाय दिली? ते कागदावर लिहून द्या. त्यांना उत्तर देता आलं न्हाय. ते उत्तर आल्याबिगर मी गप बसणार न्हाय." ती थांबली. "नवा मानूस यील. त्याला तुमची समद्यांची माहिती लिहून ठेवत्येय. त्यानं मापात, फॅटीत काय गडबड केली, तर एकटीनं भांडू नका. समद्या मिळून जावा. एवढंच सांगायचं हुतं."

कुणी टाळी वाजवली नाही.  मग शकुबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बया गं, आपली रेश्मा बोलती की! इतकी वर्षं मेळाव्यात मुकी बसायची."

"आता बोलून काय उपेग?" मागून दुसरी म्हणाली. "चालली की ती."

बाया किटल्या उचलायला लागल्या.

रेश्मा ओट्यावरून उतरली आणि आत आली. चेहरा घामानं डबडबला होता. रोहिणी उभी राहिली. तिला क्षमा मागायची होती, पण आता बोलायची पाळी आपली नाही हे तिला पहिल्यांदाच नीट कळत होतं.

"पयल्या दिवशी मी तुमाला काय म्हनले हुते, आठवतंय?" रेश्मानं विचारलं.

"चार शब्द," रोहिणी म्हणाली. "पहिल्याच पानावर आहे."

"मग लिहा तुमच्या वहीत. बोलता आलं म्हणावं." तिनं टेबलावरची यादी ओढून घेतली, पेन उघडलं, आणि रोहिणीकडं न बघता म्हणाली, "आन् ज्यांच्यासमोर बोलायचं हुतं, त्या गेल्या म्हणावं हातच्या."

रोहिणी गाडीत येऊन बसली. पिशवीतून रणजितसाहेबांची यादी काढून तिनं त्यावर 'हे काम मी घेणार नाही' असं लिहिलं आणि ती घडी घालून बाजूला ठेवली. ऑफिस फाट्यावरच होतं, जाता जाता देता येणार होती. मग तिनं वही उघडून चौथ्या बैठकीचं पान काढलं. उत्तराच्या वर थोडी जागा होती. तिथं तिनं आपला प्रश्न शब्दाला शब्द लिहिला, आणि पानाच्या तळाशी, कळूनही घालवलेले दिवस एकाखाली एक लिहिले: रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार.